रॅकेटचे सामर्थ्य आणि रॅकेटची क्षमा

कोल्हापूर हे बळाचे कौतुक करणारे शहर होय. शाहू महाराजांनी उभारलेले खासबागेतील कुस्तीचे मैदान १९१२ मध्ये पुरे झाले. परंतु त्याच्याही आधीपासून पेठापेठांतील तालमींनी या गावाच्या मनावर बळाचा संस्कार केलेला होता. अशा गावात कोणतीही नवी क्रीडावस्तू आली, की तिच्याविषयी पहिला प्रश्न साहजिकच एक असतो : हिच्यात जोर किती? पॅडेल नावाच्या नव्या खेळाची रॅकेट विकत घेतानाही हाच प्रश्न विचारला जातो, आणि दुकानदार त्याला मोठ्या उत्साहाने उत्तर देतो. दुसरा एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. खेळणाऱ्याच्या हातून चूक झाली तर ही रॅकेट ती कितपत सांभाळून घेईल? या दोन प्रश्नांपैकी कोणाचे उत्तर आधी घ्यावे, यावर खेळातील आनंद, खिशातील पैसा आणि हाताचे कोपर या तिन्ही गोष्टी अवलंबून आहेत.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी त्याची थोडक्यात ओळख करून देणे अवश्य आहे. पॅडेल हा टेनिसचा आणि भिंतीवर चेंडू मारण्याच्या खेळाचा मिलाफ होय. १९६९ मध्ये मेक्सिको देशातील अकापुल्को येथे एन्रिके कोर्क्वेरा नावाच्या गृहस्थांनी आपल्या घराच्या आवारात भिंतींनी बंदिस्त केलेले एक लहान मैदान बांधले, व तेथून या खेळाचा आरंभ झाला. पुढे तो स्पेनमध्ये व अर्जेंटिनात गेला आणि त्या दोन देशांनी त्याला आपलासा केला. १९९१ मध्ये त्याची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. अलीकडच्या वर्षांत मुंबई-पुण्याकडे काचेच्या भिंतींची अशी मैदाने झाली आहेत, आणि नोकरीनिमित्त तिकडे राहणारी कोल्हापूरची मुलेमुली सुटीत घरी येताना या खेळाची गोष्ट सोबत घेऊन येऊ लागली आहेत.

मैदान २० मीटर लांब व १० मीटर रुंद असते. मधोमध जाळे, त्याची उंची मध्यभागी ८८ सेंटिमीटर. मागच्या बाजूस काचेची भिंत व तिच्यावर तारेची जाळी मिळून ४ मीटर उंची होते. खेळ दोघांविरुद्ध दोघे असा चालतो व गुण टेनिसप्रमाणेच मोजतात. आरंभीचा चेंडू कमरेच्या वर मारता येत नाही. चेंडू प्रतिपक्षाच्या अंगणात आधी जमिनीवर टप्पा घेतो. नंतर तो भिंतीवर आदळून परतला तरी डाव जिवंतच असतो. या एका नियमामुळे हा खेळ टेनिसहून निराळा झाला आहे, आणि रॅकेटच्या निवडीचे मर्मही बरेचसे त्यातच दडलेले आहे.

रॅकेट म्हटले की तातीने विणलेली चौकट डोळ्यांसमोर येते. पॅडेलच्या रॅकेटला तात नसते. ती भरीव असते. तिचा मधला गाभा फेसासारख्या हलक्या रबरी द्रव्याचा असून त्यावर दोन्ही बाजूंनी काचतंतूंचे किंवा कार्बनतंतूंचे कठीण पापुद्रे बसविलेले असतात. पृष्ठभागाला भोके पाडलेली असतात. नियमाप्रमाणे तिची लांबी ४५.५ सेंटिमीटरपेक्षा, रुंदी २६ सेंटिमीटरपेक्षा आणि जाडी ३८ मिलिमीटरपेक्षा अधिक असता कामा नये. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक रॅकेटांचे वजन ३४० ते ३८५ ग्रॅमच्या दरम्यान असते. एवढ्या लहान चौकटीत कारखानदाराला जे काही कौशल्य दाखवावयाचे ते तीनच गोष्टींत दाखविता येते : वजन कोठे ठेवावे, आकार कसा द्यावा, आणि गाभा व पापुद्रा किती कठीण करावा.

आता क्षमा या शब्दाचा येथे काय अर्थ होतो तो पाहू. प्रत्येक रॅकेटच्या तोंडावर एक मर्मस्थान असते. चेंडू नेमका तेथे लागला तर हाताला धक्का बसत नाही, आवाज घुमदार येतो आणि चेंडू इच्छिलेल्या दिशेने वेगाने जातो. विटीदांडू खेळलेल्या प्रत्येकाला ही खूण ठाऊक आहे. दांडूच्या योग्य जागी विटी बसली तर हाताला काही कळतही नाही, आणि चुकीच्या जागी बसली तर बोटांना झिणझिण्या येतात. मर्मस्थानापासून दोन-चार बोटे बाजूला चेंडू लागला तरी जी रॅकेट फारशी वळत नाही, वेग फारसा घटवीत नाही आणि हाताला फारसा हिसका देत नाही, ती क्षमाशील रॅकेट. उलट जी मर्मस्थानी लागलेल्या चेंडूला भरपूर वेग देते, पण जरा चुकले की शिक्षाही तितकीच करते, ती जोराची रॅकेट. एकाच रॅकेटमध्ये हे दोन्ही गुण काही अंशी असतात. पण दोन्ही पूर्णांशाने असू शकत नाहीत.

असे का, हे समजण्यासाठी तालमीत डोकावणे उपयोगाचे होईल. सारख्याच वजनाचे दोन मुद्गल घेतले, एकाचे वजन मुठीजवळ आणि दुसऱ्याचे टोकाशी, तर काट्यावर दोन्ही सारखेच भरतील. परंतु फिरविताना टोकाशी जड असलेला मुद्गल कितीतरी अधिक भारी लागेल. एकदा गती घेतली की तो खांद्यालाच ओढून नेतो. वस्ताद नवशिक्याच्या हाती तसला मुद्गल पहिल्याच दिवशी देत नाही. रॅकेटचेही तसेच आहे. मुठीच्या बुडापासून मोजल्यास क्षमाशील रॅकेटचा तोल साधारणतः २५ सेंटिमीटरच्या आसपास असतो, तर जोराच्या रॅकेटचा २७ सेंटिमीटरच्या जवळपास. दोन सेंटिमीटरचा हा फरक क्षुल्लक वाटतो. परंतु हाताची पकड बुडापासून ८ सेंटिमीटरवर धरली, तर पहिल्या रॅकेटचे वजन पकडीपासून १७ सेंटिमीटरवर आणि दुसरीचे १९ सेंटिमीटरवर काम करते. म्हणजे वजन तेच असूनही रॅकेट आडवी धरून ठेवताना मनगटावरील भार सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो. एका फटक्यात तो जाणवत नाही. दीड तासाच्या खेळात काही शे वेळा रॅकेट उचलल्यावर मात्र तो चांगलाच जाणवतो.

या वाढीव भाराचा मोबदलाही मिळतो, हे नाकारता येत नाही. टोकाशी जड असलेली रॅकेट डोक्यावरून फिरविली तर तिच्या टोकात अधिक आवेग साठतो, आणि चेंडूला अधिक वेग मिळतो. किंमत एवढीच, की ती फिरवावयास लवकर आरंभ करावा लागतो आणि मध्येच दिशा बदलणे कठीण जाते. जाळ्याजवळ उभे असताना प्रतिपक्षाचा चेंडू अकस्मात अंगावर आला, तर अशी रॅकेट वेळेवर आडवी येत नाही.

तोलाचा आणि आकाराचा निकट संबंध आहे. दुकानात तीन आकार दिसतात : गोल, थेंबासारखा, आणि हिऱ्याच्या आकाराचा म्हणजे वरच्या अंगास रुंद. गोल रॅकेटची रुंदी मध्यावर सर्वांत अधिक असते. तिचे मर्मस्थानही मध्यावरच आणि मोठे असते, व तोल हाताकडे येतो. हिऱ्याच्या आकारात रुंदी वर सरकते, तिच्याबरोबर वजनही वर जाते, आणि मर्मस्थान वरच्या अंगास जाऊन लहान होते. थेंबाचा आकार या दोहोंच्या मधला. म्हणून आकार पाहूनच निम्मी परीक्षा होते. डब्यावरील मोठमोठी विशेषणे वाचण्याची गरज पडत नाही.

मर्मस्थान चुकल्यावर रॅकेट हातात का वळते, याचे उत्तर तालमीपेक्षा कारखान्यात चांगले मिळेल. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ज्यांनी तेलाच्या इंजिनाचे जड चाक पाहिले असेल, त्यांना ठाऊक आहे की त्या चाकाचे बरेचसे लोखंड आसाजवळ न ठेवता कडेला ठेवलेले असते. कारण कडेचे वजन गतीतील बदलाला अधिक विरोध करते. अंतर दुप्पट झाले की हा विरोध चौपट होतो. रॅकेटच्या मुठीतून वरपर्यंत एक सरळ रेषा कल्पिली, तर चेंडू त्या रेषेच्या डावी-उजवीकडे लागताच रॅकेट त्या रेषेभोवती वळू पाहते. त्या रेषेपासून दूर, दोन्ही कडांना जितके वजन अधिक, तितकी ती कमी वळते.

याच तत्त्वावर टेनिसच्या रॅकेटचा कायापालट झाला. हॉवर्ड हेड या अमेरिकन शोधकाने बर्फावर घसरण्याच्या धातूच्या फळ्या बनवून नाव मिळविले होते. उतारवयात तो टेनिस शिकू लागला आणि त्याचे बरेच फटके मध्य चुकून लागत. हातात वळणाऱ्या रॅकेटला दोष देऊन तो थांबला नाही. रॅकेटचे डोके रुंद केले तर ते वळणार नाही, असा विचार करून त्याने नेहमीच्या रॅकेटहून कितीतरी मोठ्या डोक्याची रॅकेट तयार केली, आणि १९७६ मध्ये तिचे पेटंट मिळविले. पट्टीचे खेळाडू प्रथम तिला हसले; ही नवशिक्यांची आणि वृद्धांची रॅकेट असे त्यांचे मत होते. परंतु १९७८ मध्ये पॅम श्रायव्हर ही सोळा वर्षांची मुलगी तीच मोठ्या डोक्याची रॅकेट घेऊन अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचली. पुढच्या काळात लहान डोक्याची लाकडी रॅकेट मैदानातून नाहीशी झाली. क्षमा म्हणजे दुर्बलांची सोय, या समजुतीला त्या घटनेने चांगलाच धक्का दिला.

पॅडेलमध्ये हा मार्ग मोकळा नाही. रुंदीवर २६ सेंटिमीटरची मर्यादा असल्यामुळे डोके वाढवून प्रश्न सोडविता येत नाही. म्हणूनच टेनिसमध्ये जो वाद बराचसा मिटला तो येथे अजून जागा आहे, आणि प्रत्येक खेळाडूला आपापल्यापुरता सोडवावा लागतो.

तिसरी गोष्ट कठीणपणाची. याविषयी मोठा गैरसमज आढळतो. कठीण कार्बनची रॅकेट म्हणजे जोराची आणि मऊ काचतंतूंची म्हणजे कमजोर, असे सरसकट मानले जाते. वस्तुतः रॅकेट स्वतः काहीच जोर निर्माण करीत नाही. तिच्यात इंजिन नाही. खेळाडूच्या हाताने आणि येणाऱ्या चेंडूने जो जोर आणलेला असतो त्यातील काही भाग ती परत देते, काही गिळते. मऊ गाभा हळू फटक्यालाही दबतो व उसळून चेंडूला बाहेर टाकतो. त्यामुळे हाताचा वेग बेताचा असेल तर मऊ रॅकेटमधूनच चेंडू अधिक सहज निघतो. कठीण गाभा दबण्यासाठी फटकाच जोराचा लागतो. असा फटका आला की मऊ गाभा तळापर्यंत दबून पुढे काही करू शकत नाही, आणि तेथे कठीण गाभा आपले सामर्थ्य दाखवितो. म्हणजे जोराची रॅकेट ही ज्याच्या हातात आधीच जोर आहे त्याच्याच उपयोगी पडते. ज्याच्या हातात तो नाही, त्याला ती जोर देत तर नाहीच. उलट असलेला कमी करते. पैसे अधिक मोजून चेंडू कमी वेगाने जावा, असा हा विपरीत व्यवहार आहे.

येथवर झाले ते रॅकेटचे शास्त्र. आता खेळाचे शास्त्र पाहिले तर क्षमेची बाजू आणखी बळकट होते. टेनिसमध्ये जोराचा फटका प्रतिपक्षाला ओलांडून गेला की गुण मिळतो. पॅडेलमध्ये तो मागच्या काचेवर आदळून परत येतो. मैदानाच्या मागच्या भागातून डोक्यावरून हाणलेला चेंडू टप्पा घेऊन काचेवर उंच लागतो आणि सावकाश मैदानाच्या मध्यावर येऊन ठेपतो. जणू प्रतिपक्षाला ताटात वाढून द्यावा तसा. त्याउलट बेताच्या वेगाचा, खाली राहणारा चेंडू काचेला लागून तिच्या पायथ्याशीच मरतो, आणि तो उचलताना भल्याभल्यांची धांदल उडते. फटका इतका प्रचंड असेल की चेंडू टप्पा घेऊन ३ मीटरच्या बाजूच्या किंवा ४ मीटरच्या मागच्या भिंतीवरून बाहेर जाईल, तरच जोराने सरळ गुण मिळतो. त्यासाठी जाळ्याजवळची जागा, उंच उडालेला चेंडू आणि कसलेला खांदा या तिन्हींचा योग जुळून यावा लागतो. सामान्य खेळाडूच्या डावात हा योग क्वचितच येतो. बाकीचा सगळा वेळ चेंडू उचलणे, परतविणे, उंच टाकणे आणि जाळ्याजवळ अडविणे यातच जातो, आणि ही सारी कामे क्षमाशील रॅकेटची आहेत.

कोल्हापूरच्या हवामानाचाही विचार केला पाहिजे. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. येथील हवा मुंबईच्या हवेहून ५-६ टक्क्यांनी विरळ असते, त्यामुळे चेंडूला होणारा अडथळा तितका कमी होतो, आणि दाबाने भरलेला चेंडूही किंचित अधिक उसळतो. खेळाच्या नियमांनीही याची दखल घेतली आहे. २.५४ मीटर उंचीवरून सोडलेल्या चेंडूची उसळी १३५ ते १४५ सेंटिमीटर असावी असा नियम आहे. परंतु ५०० मीटरहून उंच असलेल्या ठिकाणी त्यापेक्षा कमी उसळीचा चेंडू वापरण्याची मुभा आहे. कोल्हापूर आणि पुणे ही दोन्ही शहरे या रेषेच्या वर येतात. तात्पर्य, येथे चेंडू आपण होऊनच थोडा चपळ असतो. मुंबईच्या खेळाडूला जेवढा जोर रॅकेटकडून हवासा वाटेल, तेवढा येथे लागत नाही. येथे चेंडू आवरण्याची गरज अधिक आहे.

उन्हाळ्याचे आणखी एक कारण आहे. रॅकेटचा गाभा उष्णतेने मऊ आणि थंडीने कठीण होतो. एप्रिलच्या दुपारी जी रॅकेट मवाळ वाटते तीच डिसेंबरच्या पहाटे हाताला झिणझिण्या आणते. मुळातच कठीण असलेली रॅकेट थंडीत दगडासारखी होते. शिवाय उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत रॅकेट ठेवली तर गाभा ढिला पडतो आणि पापुद्र्यांची चिकटण सुटण्याचा संभव असतो. महागडी रॅकेट अशा रीतीने खेळाविनाच म्हातारी होते. पावसाळ्यात मूठ ओली होऊन घसरते, म्हणून मुठीवरची पट्टी वेळोवेळी बदलावी. आणि मनगटात अडकवावयाची दोरी तर नियमानेच आवश्यक आहे, ती कधीही सोडू नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, ती म्हणजे हाताचे कोपर. मनगट मागे उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या हाडाला स्नायुबंधाने जोडलेले असतात. मूठ घट्ट आवळून धरणे आणि मध्य चुकलेल्या फटक्यांचे हिसके वारंवार सोसणे यांमुळे त्या जागी झीज होऊन वेदना सुरू होतात. टेनिसचे कोपर या नावाने ही व्याधी प्रसिद्ध आहे. परंतु टेनिस न खेळणाऱ्या सुतारांना, गवंड्यांना आणि कपडे पिळणाऱ्या गृहिणींनाही ती होते. वयाची चाळिशी गाठलेल्यांना तिचा त्रास विशेष होतो. आणि पॅडेलकडे पुन्हा व्यायामाला लागावे म्हणून वळणारे बहुतेक लोक नेमके याच वयाचे असतात. टोकाशी जड, कठीण आणि लहान मर्मस्थानाची रॅकेट अशा हातात देणे म्हणजे व्याधीला आमंत्रणच होय. एकदा हे दुखणे जडले की ते आठवड्यांनी नव्हे, महिन्यांनी मोजावे लागते; चहाची कपबशी उचलतानाही कळ येते. फार बारीक मूठही हानिकारकच, कारण ती अधिक आवळावी लागते. तिच्यावर एखादी पट्टी अधिक गुंडाळली तर पकड सैल ठेवता येते. आणि दुखू लागल्यावर रॅकेट बदलून खेळत राहण्यापेक्षा खेळ थांबवून वैद्यकीय सल्ला घेणे केव्हाही श्रेयस्कर.

याचा अर्थ जोराची रॅकेट वाईट असा मात्र नव्हे. तिचे स्थान आहे, आणि ते मानाचे आहे. ज्याचे दहापैकी आठ-नऊ फटके मर्मस्थानी बसतात, ज्याचा खांदा कसलेला आहे, ज्याला जाळ्याजवळ जाऊन डाव संपवावयाचा असतो, त्याच्या हातात क्षमाशील रॅकेट दिली तर त्याचे सामर्थ्य वाया जाते. जोडीच्या खेळात तर दोघांची कामेही निराळी असतात. दोघेही उजव्या हाताचे असतील तर बहुधा डावीकडचा खेळाडू मध्यावरचे उंच चेंडू हाणतो, आणि उजवीकडचा डाव रचतो, सांभाळतो. म्हणून एकाच जोडीत एकाजवळ हिऱ्याच्या आकाराची व दुसऱ्याजवळ गोल रॅकेट असली तर त्यात विसंगती नाही. पण घरातील चौघांत मिळून एकच रॅकेट घ्यावयाची असेल, तर ती गोल किंवा थेंबाच्या आकाराचीच असावी, हे उघड आहे.

आपले स्थान कोणते हे प्रत्येकाने प्रामाणिकपणे कसे ओळखावे? त्याला एक साधी परीक्षा आहे. चेंडूला खडूची पूड चोळावी आणि वीस-पंचवीस फटके मारावेत. रॅकेटच्या तोंडावर पांढरे ठसे उमटतील. ते बहुतेक एका तळहाताएवढ्या वर्तुळात पडले असतील तर जोराच्या रॅकेटचा विचार करण्यास हरकत नाही. ते सर्व तोंडभर विखुरलेले असतील तर अजून वेळ आलेली नाही. ही परीक्षा खेळाच्या आरंभी, ताज्या हाताने करून भागत नाही. तासभर खेळून दमल्यावर ती पुन्हा करावी. सामना बरोबरीत येतो तो शेवटी, आणि त्या वेळी हात दमलेला असतो. तेव्हाचे ठसे खरे बोलतात. दुसरी परीक्षा दुकानातच करता येते. हात सरळ पुढे ताणून रॅकेट आडवी धरावी आणि अर्धा मिनिट तशीच ठेवावी. मनगट थरथरू लागले तर ती रॅकेट, मग ती कोणत्याही जगज्जेत्याच्या नावाची असो, त्या हातासाठी नव्हे. शक्य असल्यास मित्राची किंवा मैदानावर भाड्याने मिळणारी रॅकेट घेऊन दोन-तीन दिवस खेळून पाहावे. तेवढ्याने पुष्कळ पैसा वाचतो.

रॅकेटच्या खेळांत नाव कमावण्यासाठी निव्वळ जोर लागतो असेही नाही, याची साक्ष कोल्हापूरच्या शेजारीच आहे. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर यांनी १९५६ मध्ये मलायातील सेलंगोर येथील स्पर्धा जिंकली, आणि परदेशातील बॅडमिंटन स्पर्धेत विजयी होणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांच्या खेळाचे कौतुक झाले ते अचूकपणासाठी, फुलाला हवे तेथे अलगद पोहोचविणाऱ्या मनगटासाठी. जोर त्यांच्याजवळ होताच. पण तो अचूकपणाच्या मागून चालत असे.

तालमीतही खरे पाहता हाच क्रम आहे. आधी पवित्रा, मग डाव, आणि मग जोर. पवित्रा न साधलेल्या पोराच्या अंगातील बळ प्रतिपक्षाच्याच कामी येते, हे मैदानाच्या कडेला बसणारा जुना प्रेक्षकही जाणतो. पॅडेलच्या काचेच्या भिंती तेच निराळ्या रीतीने सांगतात. अवेळी केलेला जोर त्या मारणाऱ्याच्याच अंगावर परत पाठवितात. म्हणून पहिली रॅकेट घेणाऱ्याने जोर मागू नये. चूक पोटात घालणारी, हाताला न दुखविणारी आणि उद्या पुन्हा खेळावेसे वाटेल अशी रॅकेट मागावी. तिच्या संगतीत वर्ष-दोन वर्षे गेली आणि खडूचे ठसे मध्यावर जमू लागले, की जोराची रॅकेट घेण्याचा अधिकार आपोआप मिळेल. आणि पुष्कळांच्या बाबतीत असे घडते, की तो अधिकार मिळेपर्यंत तिची गरजच उरलेली नसते.